फरशीखाली गाडलेला तळखडा

कऱ्हाड भागातल्या त्या वाड्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा घरच्यांचं जवळजवळ ठरलंच होतं: पाडायचा आणि स्लॅबचं घर बांधायचं. ओसरीचा एक खांब खचला होता, त्यावरची तुळई नुसत्या डोळ्यांना दिसावी इतकी लवली होती, माडीवर झोपायला कोणी तयार नव्हतं. एकट्या आजी पाडायला नको म्हणत होत्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या याच घरात नव्या सूनबाई होत्या. "मागची भिंत सगळी बाहेर पडली बघ, पण माडी जागची हलली न्हाई," त्या सांगत होत्या. माझा त्यावर लगेच विश्वास बसला. अशा घरात माडीचं आणि छपराचं ओझं सागवानी खांब-तुळयांवर असतं, दगड-मातीची भिंत त्यांच्या मधली जागा भरते. भिंत ढासळली तरी सांगाडा तग धरू शकतो. मात्र खांबाचे पाय धड हवेत.

आमच्या सुतारकाकांनी खांब हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिला. वर खणखणीत आवाज, गुडघ्याच्या खाली बद्द. "ताई, ह्याचा तळखडा कुठाय?" त्यांनी विचारलं. तळखडा म्हणजे खांब ज्यावर उभा असतो तो दगड. आणि खरंच, तो दिसत नव्हता. मातीची जमीन सारवायचा त्रास नको म्हणून काही वर्षांपूर्वी ओसरीत काँक्रीट ओतून वर शहाबादी फरशी बसवली होती. जमीन वीतभर वर आली. शिवाय मजबुतीसाठी म्हणून खांबाच्या बुडाशी सिमेंटचा चौकोनी ओटा केला होता.

जॅक लावायच्या दिवशी सकाळीच कौलं उतरवून ओझं हलकं केलं. तुळईच्या दोन्ही अंगांना टेकू दिले, खाली जाड फळ्या, त्यावर स्क्रूचे जॅक. एक माणूस ओळंब्याकडे, एक माडीवर भेगांकडे बघत. जॅक पाव आटा फिरवायचा आणि थांबायचं. जुनं लाकूड वाकलेल्या जागी मुरलेलं असतं, त्याला घाई केली की सांधे फाटतात. मध्येच तुळई करकरली, तेव्हा आजींचा मुलगा अंगणात निघून गेला. काका कान देऊन थांबले, मग पुन्हा पाव आटा. तुळई दोन सूत उचलली आणि खांब मोकळा झाला.

ओटा फोडला. आतलं लाकूड हाताने चुरता येत होतं, ओल्या चहापत्तीसारखं काळं. कूज बरोबर सिमेंटच्या वरच्या कडेपर्यंत चढली होती, त्यावरचा साग पटाशीला दाद देत नव्हता. आणखी खोल गेल्यावर तळखडा सापडला, काळ्या दगडाचा, घडीव, जसाच्या तसा. लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर राहावं म्हणून तर तो बसवतात! काँक्रीटने तोच गाडून टाकला. फरशी पुसताना फटीतून आत गेलेलं पाणी आणि खालून येणारी ओल, दोन्ही ओट्यात कोंडून राहिली, वाळायला वारा मिळालाच नाही. दोष पैसे वाचवण्याचा नव्हता. चांगला खर्च करून, घर टिकावं म्हणूनच ते केलेलं होतं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

कुजलेला भाग कापून, दुसऱ्या मोडलेल्या वाड्याच्या जुन्या सागाचा पाय तिरप्या सांध्याने आणि खुंट्यांनी जोडला. संध्याकाळी जॅक उतरवले तेव्हा तुळई खांबावर बसली आणि टेकू हाताने हलू लागले. मुलगा परत येऊन खांबाला हात लावून बघत होता. "बाकीच्यांचंही असंच असणार ना?" त्याने विचारलं. असणारच होतं, ते मी त्याला सांगितलं, आणि नुसते खांब दुरुस्त करून भागणार नाही हेही. ओसरीची सगळी फरशी काढून जमीन मूळ पातळीला न्यायची, भिंतींचा सिमेंटचा गिलावा खरवडायचा, भिंती पूर्ण सुकल्यावर चुन्याचा गिलावा करायचा. पाडायचा विषय त्याने त्यानंतर काढला नाही. रात्री फोन आला तो एवढंच विचारायला, की कळीचा चुना किती मागवायचा आणि मुरवायला खड्डा परसात कुठे घ्यायचा.