आवाज आधी, बुडबुडा मागून

मे महिना, नागपूर, सीताबर्डीजवळचं सभागृह, दुपारचे दोन. तीन भिंतींवर नाग नदीचं चित्रण, सभोवती आठ स्पीकर, संध्याकाळी सातला प्रयोग. चाचणीच्या पहिल्याच मिनिटाला संगणकावर बसलेला सहकारी म्हणाला, "दादा, सिंक गेलं, चित्र-आवाजाचा मेळ नाही. आवाज आधी येतोय, बुडबुडा दोन सेकंद मागून." तो आवाज पुढे सरकवणार, तेवढ्यात त्याला थांबवलं. सिंक बरोबर होतं.

पारडीच्या बाजूला जिथे चित्रण केलं, तिथे नदीच्या तळाशी सांडपाण्याचा गाळ आहे. त्यात ऑक्सिजन पोहोचत नाही, जिवाणू घाण कुजवतात आणि मिथेन तयार होतो. वायूचा फुगा गाळातून सुटताना थरथरतो, आवाज होतो तो तेव्हा. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, म्हणून मायक्रोफोनला तो लगेच मिळतो. फुगा मात्र सेकंदाला वीस-पंचवीस सेंटिमीटरच वर चढतो. पाणी अर्धा मीटर खोल, म्हणजे दोन सेकंद. हे अंतर मिटवलं असतं तर आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर होतो असं वाटलं असतं. तो गाळाचा आहे, हेच तर ऐकवायचं होतं. फाइलीच्या नावातच लिहून टाकलं: सिंकला हात लावू नये.

हा आवाज पकडणंही सोपं नाही. 27 मिलिमीटरची पिझो चकती (कंपनांची वीज करणारी), शिल्डेड वायर, वर इपॉक्सीचा थर, एवढ्यात पाण्यातला मायक्रोफोन तयार होतो. पण तो थेट मिक्सरच्या माइक इनपुटला लावला की खालचे स्वर नाहीसे होतात. चकतीची धारिता (वीज साठवण्याची क्षमता) साधारण 20 नॅनोफॅरड. इनपुट 10 किलोओहमचं असेल तर 800 हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. सेंटिमीटरभर त्रिज्येचा फुगा वाजतो 330 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका तोच जातो. मध्ये किमान 1 मेगओहम इनपुटचा प्रीअँप, म्हणजे मिक्सरच्या आधीचा छोटा अँप्लिफायर, हवाच. मग ती सीमा 8 हर्ट्झवर येते.

एवढं करूनही दुपारी गाळ ऐकूच येईना. कारण कूलर! त्याची घरघर बरोबर त्याच पट्ट्यात बसते. आवाज वाढवणं हा उपाय नव्हे, त्याने प्रयोगातल्या दुसऱ्या पाण्याची, गोरेवाडा तलावातल्या पाणकिड्यांची, बारीक किरकिर कर्कश होते आणि दोन पाण्यांतला फरकच बुजतो. कूलर बंद केले तर नवव्या मिनिटाला मधला प्रोजेक्टर तापून बंद पडला. पंख्याचा आवाज दाबायला त्याभोवती प्लायवूडची पेटी केली होती, तीत गरम हवा परत परत फिरत होती. पेटीची मागची बाजू काढली, तिथून खिडकीपर्यंत पाइप नेला, दिवा इको मोडवर टाकला. चित्र थोडं मंद झालं, ते चालण्यासारखं होतं. प्रेक्षक बसेपर्यंत कूलर सुरू आणि बारा मिनिटांच्या प्रयोगात बंद, असं ठरलं.

शेवटचा बदल साडेसहाला केला. आठपैकी चार स्पीकर स्टँडवरून उतरवून फरशीवर ठेवले आणि गाळाचा ट्रॅक फक्त त्यांना दिला, म्हणजे तो पायांजवळून यावा. किडे वरच्या चारांतच राहिले.