हिरवा थर काढायचा कुठवर?

घासून चकचकीत केलेलं प्राचीन नाणं मला बघवत नाही. लिंबाचा रस, व्हिनेगर, चार्जरच्या वायरी जोडून केलेलं इलेक्ट्रोलिसिस, काहीही वापरा, हिरवा रंग जातो, खालचं गुलाबी तांबं उघडं पडतं आणि राजाचा चेहराही धुऊन निघतो. कारण शेकडो वर्षं जमिनीत पडलेल्या तांब्याच्या किंवा कांस्याच्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग बऱ्याचदा धातूच्या रूपात उरलेलाच नसतो. धातूला लागून क्युप्राइटचा, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडचा, तांबूस थर आणि त्यावर मॅलाकाइटचा, म्हणजे तांब्याच्या कार्बोनेटचा, हिरवा. या थरांना मिळून पॅटिना म्हणतात. नाक, मुकुट, अक्षरं टिकतात ती याच थरांत. म्हणून मी काढतो ती फक्त वरची माती, चुनखडी आणि वर आलेले गंजाचे फोड. तेही सगळे नाहीत.

आधी वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो. मग नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं आणि तांब्याचा खरा शत्रू तोच, म्हणून ते नको. पाणी गढूळ झालं की बदलायचं, मऊ ब्रशने हलकेच फिरवायचं, पुन्हा बुडवायचं. पुष्कळ लोक ऑलिव्ह तेलात महिनोन्‌महिने बुडवून ठेवतात. मला ते पटत नाही. तेलातली आम्लं सावकाश का होईना तांब्यावर काम करतातच, शिवाय भेगांत शिरलेलं तेल पुढच्या प्रत्येक उपचाराच्या आड येतं.

खरं काम मायक्रोस्कोपखाली, दहा ते वीस पट मोठं करून. बांबूची टोकदार काडी, आणि ती हरली तर सुई. बायको दातांची डॉक्टर आहे, तिच्याकडची बाद झालेली हत्यारं माझ्या टेबलावर येतात, सोबत "पेशंट तरी जिवंत घे" हा सल्लाही. इथे एक गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. खनिजांची कठीणता सांगणाऱ्या एक ते दहाच्या मोज (Mohs) मापावर मॅलाकाइट आणि क्युप्राइटची कठीणता साडेतीन ते चार, पण मातीतल्या वाळूच्या कणाची सात. सुईपुढे तो कण फरफटला की पॅटिनावर कायमचा ओरखडा. त्यामुळे खरवडायचं नाही. मातीच्या ढेकळाच्या कडेला टोक टेकवून दाब द्यायचा, ते आपणहून उडतं.

तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणि सम्राट डायोक्लेशनच्या चलन-सुधारणेनंतरच्या रोमन नाण्यांवर चांदीचा मुलामा असतो, अतिशय पातळ. तो दिसू लागला की मी हत्यार खाली ठेवतो. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते, म्हणून ध्वनिकंपनांनी मळ काढणाऱ्या अल्ट्रासोनिक मशीनच्या जवळही नेत नाही. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांना तर मी हात लावतो तो हातमोजे घालूनच, आणि ती लाकडी खणात ठेवत नाही, कारण लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं पांढरं पडून भुकटी होतं.

पण झोप उडवणारी गोष्ट एकच, ब्राँझ डिसीज. फिकट हिरवी, सुईने सहज निघणारी भुकटी, आणि पुसली तरी परत येणारी. पॅटिनाच्या आत दडलेल्या क्युप्रस क्लोराइडला दमट हवा लागली की ही भुकटी तयार होते आणि सोबत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल ताजं तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, पुन्हा भुकटी. संशय आला की मी ते नाणं ओल्या कापसाच्या बोळ्यासोबत, एकमेकांना न टेकवता, बंद डबीत ठेवतो. नवे ठिपके उमटले तर निदान पक्कं.

उपचार म्हणजे आधी सुटी भुकटी सुईने टिपायची, मग क्लोराइड ओढून काढणाऱ्या सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं पाच टक्क्यांचं द्रावण, वारंवार बदलत. याला महिने लागतात आणि पॅटिनाचा रंग थोडा बदलू शकतो, ही किंमत मान्य असेल तरच. मग भरपूर धुणं, पूर्ण वाळवणं आणि अल्कोहोलमधलं तीन टक्क्यांचं बेंझोट्रायझोल. ते विषारी आहे, हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. त्याने क्लोराइड निघून जात नाही, तांब्यावर फक्त पडदा तयार होतो. वरून पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक लेपाचा पातळ हात. तो ॲसिटोनने पुन्हा काढता येतो म्हणून मला आवडतो. शेवटी नाणं सिलिका जेलच्या डब्यात, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली. पीव्हीसीचे मऊ अल्बम मात्र फेकून द्या, तेही क्लोराइडच सोडतात.

दुरुस्तीच्या नावाखाली झिजलेल्या केसांच्या बटा नव्याने कोरणारे लोक आहेत. ती मला सरळ फसवणूक वाटते. अक्षरं उठून दिसावीत म्हणून रंगीत माती चिकटवतात, तीही तशीच. ॲसिटोनचा बोळा फिरवून बघा, अनेकदा पितळ तिथेच उघडं पडतं. मी मात्र काय केलं, कशाने केलं, हे प्रत्येक नाण्याच्या पाकिटावर लिहितो, पुढच्याला कळावं म्हणून.

सध्या टेबलावर रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचं एक छोटं नाणं आहे. चेहरा स्वच्छ, मागच्या बाजूला तळाशी सिस्किया या रोमन शहरातल्या टांकसाळीची खूण वाचता येते. उजवीकडची माती तशीच आहे, कारण तिच्याखालचा थर सुटलाय आणि माती काढली की तोही येईल. तिथे मी थांबलोय. बायकोला हे पसंत नाही. "अर्धी दाढ कोरून पेशंटला घरी पाठवलं तर तो मला सोडेल का?" असं विचारते.