साल गेलं, महिना राहिला

रविवार, रात्री

आज दिवसभर वाचनालयात होतो. पुस्तकं नव्या जागेत हलवायचीत, आणि पोरं ती खताच्या रिकाम्या पोत्यांत भरायलीत. दोनदा ओरडलो, मग मीही भरू लागलो.

माझं काम खरं वेगळं. स्मरणिकेसाठी इमारतीच्या इतिहासाची दोन पानं लिहायचीत. कोनशिला नाही. सचिवांना फक्त स्थापनेचं साल हवंय, जसं परभणीच्या गणेश वाचनालयाला आहे: १९०१. आमचं कुणालाच पाठ नाही.

जुनी किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, सापडली. पहिल्या पानावरचं साल वाळवीनं खाल्लंय, महिना तेवढा शाबूत: आबान. तेव्हा इथं निजामाचं राज्य; त्याच्या फसली, म्हणजे महसुली, वर्षाचा शेवटचा महिना, आपला साधारण सप्टेंबर. निजामाच्या दफ्तरात आजूर, दै, बहमन असेच महिने चालायचे. खाली जमाखर्च. वर्गणी जमा होते हालीत, पुस्तकांचा खर्च पडतो कलदारात. गावकरी देणार निजामाचा हाली रुपया आणि पुण्या-मुंबईचा दुकानदार मागणार इंग्रजांचा कलदार. सहा कलदारांना सात हाली! म्हणजे पुस्तक घरी येण्याआधीच सातातला एक रुपया बदलात गेला. कचेरीत उर्दू, उस्मानिया विद्यापीठात उर्दू, आणि ही माणसं पदरचा बट्टा, म्हणजे बदलातली तूट, सोसून मराठी पुस्तकं मागवत होती. ह्या एका रकान्यापुढं मी तासभर बसलो असेन.

सभेला आधी परवानगी काढायला लावणारी ती निजामाची ‘गश्ती निशान ५३’, म्हणजे ५३ नंबरचं परिपत्रक, आम्ही शाळेत घोकली होती. तिच्यापेक्षा हा सातवा रुपया मला आज जास्त कळला.

आबा शिपाई दारातून म्हणाले, “सर, नुसतं वाचत बसलाव व्हय? वर बघा जरा.”

वर पत्रा. आबांच्या आठवणीत तिथं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, होतं: सागवानी तुळया, त्यावर लाकडी किलच, त्यावर हातभर पांढरी माती. दर उन्हाळ्यात माती टाकायची, पावसाळ्यात गळतं तिथं बादली ठेवायची. मग ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट. किल्लारीत घरं माणसांवर बसली आणि इथंही लोकांना डोक्यावरच्या मातीची धास्ती बसली. गावातली कितीतरी माळवदं उतरली, वाचनालयाचंही. भिंतीतली भेग मात्र अजून आहे, नकाशांच्या कपाटामागं. पत्रा आल्यापासून मे महिन्यात दुपारी तिथं बसवत नाही. वाचक कमी झाले त्याला सगळे मोबाईलला बोल लावतात. मी पत्र्यालाही लावतो.

किर्द पोत्यात जाऊ दिली नाही, घरी आणलीय. सचिवांना उद्या सांगायचं: सालाची जागा कोरी सोडा, आबान छापा.