व्हायरल लोड खाली, मग सीडी-फोर का अडलाय?

रिपोर्टचे दोन कागद पुढे सरकवून लोक मला हेच विचारतात: एचआयव्हीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, ‘आढळत नाही’ असा आलाय, एकही गोळी चुकवलेली नाही, तरी सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा काउंट, २३० वरच का अडलाय? आपलंच काहीतरी चुकलं, अशी भीती त्या आवाजात असते. समुपदेशक म्हणून आधी तीच काढून टाकते. तुमचं काहीही चुकलेलं नाही.

गोळ्या विषाणूची वाढ रोखतात, त्यांचं काम तेवढंच. पेशी पुन्हा घडवायच्या त्या शरीराने, त्याच्या चालीने. सुरुवातीच्या आठवड्यांत काउंट भराभर चढतो, कारण लसिकाग्रंथींत अडकलेल्या पेशी रक्तात परततात. पुढची वाढ मात्र बरीचशी नव्या पेशींची. त्या छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात आणि ही ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते. उपचार उशिरा सुरू झाले असतील तर लसिकाग्रंथींची आतली घडणच व्रणांनी बिघडलेली असते. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तर लागण झाल्यावर काही आठवड्यांतच मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. ती भरपाई फार सावकाश होते, कधी पूर्ण होतही नाही. म्हणून काउंट ८० असताना उपचार सुरू केलेल्याने ४५० असताना सुरू केलेल्याशी तुलना करू नये. साधी सर्दीसुद्धा काउंट खाली-वर करते, एका रिपोर्टवर झोप उडवू नका.

‘काउंट वाढवायचं औषध नाही का?’ हा पुढचा प्रश्न. इंटरल्यूकिन-२ हे या पेशींची वाढ घडवणारं प्रथिन देऊन तो वाढवून पाहिला गेला. काउंट वाढला, पण २००९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले तेव्हा आजारपणं आणि मृत्यू कमी झालेले नव्हते. विषाणू दाबलेला असताना २३० असणं, हे विषाणू मोकाट असताना २३० असण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. मला हेच पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. काउंट २०० च्या खाली असेल तर कोट्रायमोक्साझोल, म्हणजे इतर संसर्ग टाळण्यासाठी दिलेली गोळी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

आणि उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत ताप आला, गाठ सुजली, तर औषध बाधलं असं समजून गोळ्या बंद करू नका. कधीकधी सावध झालेली प्रतिकारशक्ती आत दबून बसलेल्या टीबीवर तुटून पडते, त्याचा तो दाह असतो. त्याच दिवशी दाखवायला या.