तुम्ही विचारलंत म्हणून: तात्या विंचूला नेरुळात जागा मिळेल का?

आमची दहाएक मिनिटांची फिल्म संपली की कुणीतरी हमखास विचारतं, "एवढी मेहनत घेता, तर दुसऱ्यांची पात्रं कशाला? स्वतःचं काहीतरी करा ना!" प्रश्न आपुलकीने विचारलेला असतो, म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

'झपाटलेला'तला (१९९३) तात्या विंचू आणि 'अशी ही बनवाबनवी'तली (१९८८) चौकडी आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये आणून सोडली आहे. कारण साधं आहे. दोघांनाही जागा हवी आहे. धनंजय माने आणि मंडळींना खोली हवी, तीही भाड्याने. तात्याला शरीर हवं, तेही कायमचं. हे पुण्याहून उचलून नेरुळला आणलं की अर्धी पटकथा आपोआप होते, कारण बॅचलरांना दारातूनच परत पाठवणाऱ्या सोसायट्या इथे पायलीला पन्नास.

आता हीच गंमत नव्या पात्रांवर करून बघा. बाहुल्यात गुंडाचा आत्मा का, चांगला बाप्या साडी नेसून का फिरतोय, हे समजावण्यातच दहा मिनिटं जातील. आमची पार्वती पदर सावरत जिना चढते, पायरीवरचा बाहुला मान वळवतो आणि म्हणतो, "लक्ष्या?" लोक एवढ्यावरच हसायला लागतात. पार्वती झालेला परशुराम आणि लक्ष्या, दोघांचाही चेहरा लक्ष्मीकांत बेर्डे यांचा होता हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

पण उसनी पात्रं म्हणजे सोपं काम, हा समज काढून टाका. तात्याला हव्या त्या माणसाच्या अंगात शिरता येत नाही. आपली खरी ओळख त्याने पहिल्यांदा ज्याला सांगितली, त्याच्याच, म्हणजे लक्ष्याच्याच, शरीरात त्याला जाता येतं. तात्या सरळ घरमालकिणीच्या अंगात शिरला तर काय धमाल येईल, असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं. धमाल आली असती, पण तो तात्या राहिला नसता. स्वतःचं पात्र अडलं की लेखक गुपचूप त्याचा स्वभाव बदलतो. इथे ती सोय नाही, बघणाऱ्यांना नियम आपल्याहून जास्त पाठ असतात. शेवटी ही बाई लक्ष्या नाही हे तात्याला कळेपर्यंतचा गोंधळ, हीच गोष्ट झाली.

दुसरा नियम मात्र आम्ही १९४८च्या एका अमेरिकन सिनेमातून घेतला. युनिव्हर्सलने त्यात ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीची गाठ फ्रँकेनस्टाइनच्या राक्षसाशी घालून दिली होती. ड्रॅक्युलाला कॉस्टेलोचा मेंदू काढून राक्षसाच्या डोक्यात बसवायचा असतो (म्हणजे तिथेही भानगड शरीराचीच). बेला लुगोसीचा ड्रॅक्युला हे सगळं अगदी गंभीरपणे करतो, आपण विनोदी सिनेमात आहोत याचा त्याला पत्ताच नसल्यासारखा. भुताने जोक मारला की भूतही गेलं आणि जोकही.

शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या मूळ बाहुल्याची सर आमच्या बाहुल्याला नाही. हनुवटी कापून इलॅस्टिकने जोडलेली, मानेला मागून दोरा. खालून टॉर्च मारून पाहिला, तर तो गॅदरिंगमधला वाटायला लागला. मग जिन्यातली ट्यूबलाइट होती तशीच ठेवली आणि मान वळायला जास्त वेळ लावला. जितकी सावकाश वळली, तितका तो अंगावर आला. एका टेकला ऐन वेळी दुसऱ्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. आमचे माने खरोखर दचकले, बाहुला ढिम्म. तोच टेक ठेवलाय. मान्यांना एकच बजावलं होतं, अशोक सराफांचा आवाज काढायचा नाही. मिमिक्री सुरू झाली की गोष्ट बाजूला पडते.

पैशाचं विचाराल तर शून्य. आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे 'झपाटलेला'चा २०५३ अखेरपर्यंत. फुकट दाखवलं म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेच्या मालकांनी २०१६ मध्ये चाहत्यांच्या अशा फिल्म्ससाठी निदान नियम तरी लिहून दिले: एक भाग १५ मिनिटांच्या आतला, फार तर दोन भाग. आम्ही आमचेच घालून घेतलेत. तिकीट नाही, जाहिरात नाही, मूळ सिनेमातला एकही शॉट किंवा संगीताचा तुकडा नाही, आणि हक्कदार फिल्म काढून टाका म्हणाले तर त्याच दिवशी काढून टाकायची.

आणि स्वतःचं पात्र म्हणाल, तर आहे की एक. सोसायटीचा सेक्रेटरी. शेवटी तात्या डोळे वटारून मंत्र पुटपुटत असतो, तेव्हा हा रजिस्टर उघडतो, "किती दिवस राहणार?" विचारतो आणि भाडेकरूच्या पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म त्याच्यापुढे धरतो. त्याचीही ओळख करून द्यावी लागली नाही. नेरुळात बिल्डिंगगणिक एक आहे.