उजवा गाल

पहिल्याच दिवशी मी केसपेपरवर लिहिलं होतं: "लाली उजवीकडे जास्त." खाली रेघही मारली होती. रेघ मारून मी ते विसरले.

बाई चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, मला ल्युपस झालाय." फाइल उघडली तर सगळ्यात वर एएनएचा रिपोर्ट (ल्युपससारख्या, शरीर स्वतःवरच उलटणाऱ्या आजारांसाठीची ही रक्ततपासणी), आकड्यावर पिवळा मार्कर फिरवलेला. 1:80, पॉझिटिव्ह. चेहऱ्यावर पुरळ दिसलं म्हणून कुणीतरी ही तपासणी लिहून दिली होती आणि रिपोर्ट हातात ठेवून "मोठ्या डॉक्टरांना दाखवा" एवढंच सांगितलं होतं. 1:80 हा आकडा धडधाकट माणसांतही शंभरात साधारण तेरा जणांत सापडतो. हिमोग्लोबिन बघावं तशी एएनए लिहिणाऱ्यांनी तो रिपोर्ट समजावून सांगायलाही बसावं, असं मला फार वाटतं. ते बसत नाहीत. मग रात्रभर मोबाइलवर वाचून घाबरलेला माणूस आमच्यासमोर येतो.

उन्हाचं पुरळ असेल तर मी आधी कुठे नाही ते बघते. वरच्या पापण्या, कानामागचा त्रिकोण, हनुवटीखालची सावली, नाकाच्या बाजूची घडी. या जागांवर ऊन पोचत नाही. तिथेही पुरळ असेल तर हवेतून उडून बसणाऱ्या कशाची तरी ॲलर्जी आहे का, हे शोधायचं. या बाईंच्या त्या सगळ्या जागा स्वच्छ होत्या. गळ्यावर कॉलरच्या रेघेला पुरळ पट्टीने आखल्यासारखं थांबत होतं. मग हात. ल्युपसचं पुरळ बोटांच्या सांध्यांमधल्या जागेवर येतं आणि सांधे सोडतं, डर्मॅटोमायोसायटिस या स्नायू आणि कातडीच्या आजाराचं नेमकं सांध्यांवर बसतं. यांच्या हातांच्या पाठी सरसकट लाल, खपल्या धरलेल्या, खाजवून ओरबाडलेल्या. नखांच्या मुळाशी डर्मोस्कोप हे भिंग लावून केशवाहिन्या पाहिल्या, त्या ठीक होत्या. लघवीचा रिपोर्ट साफ, ल्युपससाठीच्या डीएसडीएनए आणि रो या रक्ततपासण्या निगेटिव्ह. ल्युपस नाही, हे मी त्यांना ठामपणे सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि रिपोर्ट पुन्हा फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवला.

"काही गोळ्या चालू आहेत? बीपीच्या? कसली अँटिबायोटिक?" थायझाइड ही बीपीची आणि डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक, उन्हाला कातडी हळवी करणारी ही नावं आमच्या तोंडात बसलेली असतात.

"काहीच नाही."

"अंगाला काही लावता?"

"साधं मॉइश्चरायझर."

उजवीकडे जास्त का, याचं उत्तरही मला लगेच मिळालं. ऑफिसात त्यांच्या उजव्या हाताला मोठी खिडकी होती. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते, पण 320 ते 400 नॅनोमीटरच्या यूव्हीएचा बराचसा भाग आत सोडते. हे मी त्यांना कागदावर खिडकी काढून समजावलं. स्वतःवर खूश होते मी तेव्हा. पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन, म्हणजे उन्हाने उठणारं पुरळ, असं निदान लिहिलं, मलम दिलं, पूर्ण बाह्यांचे कपडे सांगितले, आणि सनस्क्रीनवर नेहमीचं भाषण दिलं: एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो, म्हणून यूव्हीएसाठीचीही खूण बघा. दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या मापाने तो आकडा काढलेला असतो आणि लोक त्याच्या निम्मंही लावत नाहीत. चेहऱ्याला आणि गळ्याला मिळून दोन बोटं भरून, दर दोन तासांनी.

तीन आठवड्यांनी बाई आल्या तेव्हा उजवी पापणी सुजली होती आणि गालावर पाणी सुटलेले बारीक फोड होते. मी पहिला प्रश्न विचारला तो अजून टोचतो. "सनस्क्रीन नीट लावत नव्हता ना?"

त्यांनी पर्समधून ट्यूब काढली. संपत आलेली. "दर दोन तासांनी लावलं, मॅडम. मोबाइलवर गजर लावून."

मी हातावर भिंग धरलेलं असताना त्यांचा फोन वाजला. "कपाटात वरच्या फळीवर आहे, आई. तुम्ही वाकू नका, मी आल्यावर लावून देते."

"काय लावून देता?"

"सासूबाईंचे गुडघे दुखतात. रोज रात्री जेल चोळते." मग जरा अडखळून म्हणाल्या, "ते माझं औषध नाही ना, म्हणून सांगितलं नाही."

जेल कीटोप्रोफेन या वेदनाशामकाचं होतं. तीन महिने रोज, उजव्या हाताने चोळायचं, हात कधी धुवायचा, कधी नुसता पुसायचा, आणि झोपताना उजवा हात गालाखाली. सासूबाईंचे गुडघे मात्र ठणठणीत. त्यांना ॲलर्जी नसेलही, आणि असली तरी गुडघे दिवसभर कपड्याखाली. कीटोप्रोफेन कातडीत मुरून बसतं आणि त्यावर यूव्हीए पडलं की ज्यांना ॲलर्जी आहे त्यांचं पुरळ पेटतं. म्हणजे माझी खिडकी चुकीची नव्हती. अर्धवट होती, आणि ती इतकी छान जुळली की पुढे विचारायची मला गरजच वाटली नाही.

खरी शरमेची गोष्ट ट्यूबच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होती. बेंझोफेनोन-3 आणि ऑक्टोक्रायलीन, सनस्क्रीनमधले ऊन अडवणारे घटक. कीटोप्रोफेनची ॲलर्जी असलेल्या माणसाला हे दोन घटकही अनेकदा चालत नाहीत. बेंझोफेनोनची रचना तर कीटोप्रोफेनच्या रेणूतच दडलेली आहे. बाई जितक्या आज्ञाधारक, तितकं पुरळ जास्त, आणि आज्ञा माझी.

पुरळ बसल्यावर फोटोपॅच टेस्ट केली. पाठीवर त्याच पदार्थांच्या चिकटपट्ट्यांचे दोन संच लावायचे, दोन दिवसांनी काढायचे, एक झाकून ठेवायचा आणि दुसऱ्यावर दर चौरस सेंटिमीटरला 5 जूल यूव्हीए सोडायचं. आणखी दोन दिवसांनी वाचन. या टेस्टला वेळ फार लागतो म्हणून आमच्याकडे बरेच जण ती टाळतात, मीही टाळते. झाकलेली बाजू कोरी होती. उजेड दिलेल्या बाजूला तीन चौकोन उठले होते: कीटोप्रोफेन, बेंझोफेनोन-3, ऑक्टोक्रायलीन. कीटोप्रोफेनचा तर बोटाला लागेल इतका उंच.

2010 मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने या जेलबद्दल सांगितलं होतं: लावत असताना आणि बंद केल्यावर दोन आठवडे त्या जागेवर ऊन नको, आणि लावल्यावर हात धुवा. हात धुवा हे मला पाठ होतं. पण लावणारा हात दुसऱ्याचा असू शकतो, हे डोक्यात आलं नाही.

जेल घराबाहेर गेलं. सासूबाईंच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. सनस्क्रीन बदलून फक्त झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचं दिलं, ते पांढरं दिसतं ही तक्रार सोसायची. बाईंच्या कार्डावर लाल शाईत कीटोप्रोफेनखाली फेनोफायब्रेटही लिहिलं. ती रक्तातली चरबी कमी करणारी गोळी, पण रचना त्याच घराण्यातली. पाच आठवड्यांनी गळ्यावर पुन्हा एक पट्टा उठला. शोधता शोधता एका स्कार्फवर आलो, ज्याला त्या पूर्वी हात पुसायच्या. तीनदा धुतलेला होता. तो टाकल्यावर पुन्हा काही उठलं नाही.

सासूबाई आता स्वतःच गुडघे शेकतात. सुनेचा चेहरा आपल्यामुळे बिघडला असं त्यांनी मनाला लावून घेतलंय, असं बाई सांगत होत्या. चूक तुमच्या सासूबाईंची नाही, हे मी दोनदा सांगितलं. कुणाची, ते मी बोलले नाही आणि बाईंनी विचारलंही नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा व्हॉट्सॲप आला. चेहरा साफ असल्याचा फोटो असेल म्हणून उघडला. एएनएचा नवा रिपोर्ट होता, स्वतःहून दुसऱ्या लॅबमध्ये केलेला. 1:80. खाली एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. "हे नॉर्मल आहे" असं टाइप केलं, खोडलं, आणि त्यांना फोन लावला.