न्यू विसरलात? मग एरर येऊ दे

जावास्क्रिप्टवरून टीममधला एक वाद काही केल्या मिटत नाही. क्लासला (म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्याला) टाइपऑफ, म्हणजे प्रकार सांगणारा ऑपरेटर, लावला की उत्तर येतं 'फंक्शन'. मग तोच क्लास न्यू (नवा ऑब्जेक्ट घडवायला लावायचा शब्द) न लावता फंक्शनसारखा कॉल केला की टाइपएरर का? माझा सहकारी याला दुटप्पीपणा म्हणतो. मी एररच्या बाजूने आहे.

क्लास येण्याआधीचे दिवस आठवा. कन्स्ट्रक्टर फंक्शनला (ऑब्जेक्ट घडवणाऱ्या फंक्शनला) न्यू लावायचं राहिलं आणि स्ट्रिक्ट मोड (भाषेचे कडक नियम) नसला, तर धिस म्हणजे घडत असलेला ऑब्जेक्ट नव्हे, थेट सगळ्या प्रोग्रामचा ग्लोबल ऑब्जेक्ट, ब्राउझरमध्ये विंडो. धिस.नेम मध्ये टाकलेलं नाव मुकाट्याने विंडोवर जाऊन बसायचं (विंडोला स्वतःचं नेम आधीपासून असतं, ही आणखी मजा), हातात यायचं अनडिफाइन्ड, आणि बोंब उठायची तिसऱ्याच फाइलमध्ये. म्हणून शहाणे लोक पहिल्याच ओळीत इन्स्टन्सऑफची, म्हणजे धिस खरंच याच साच्याचा आहे ना याची, तपासणी लिहायचे. जावास्क्रिप्टच्या 2015 च्या आवृत्तीने, ईएस6 ने, क्लास आणून ती राखण भाषेकडेच सोपवली.

यावर सहकाऱ्याचा हुकमी एक्का म्हणजे भाषेतलं तयार डेट. न्यू लावलं तर ऑब्जेक्ट, नाही लावलं तर स्ट्रिंग! पण न्यूशिवाय डेट('2000-01-01') लिहून पाहा. मिळते आत्ताच्या वेळेची स्ट्रिंग. तुमच्या तारखेकडे ते ढुंकूनही बघत नाही. हा एक्का माझ्याच कामाचा. भाषेतलेच मॅप आणि प्रॉमिस न्यूशिवाय चालत नाहीत, सिम्बॉलला उलट न्यूच चालत नाही. असो.

खरी गोम इनहेरिटन्समध्ये, म्हणजे एका क्लासवरून दुसरा बेतण्यात, आहे. एक्स्टेंड्स केलेल्या क्लासमध्ये सुपर(), म्हणजे पॅरेंट क्लासच्या कन्स्ट्रक्टरचा कॉल, होईपर्यंत धिस हाती येतच नाही. ऑब्जेक्ट घडवतो सगळ्यात वरचा क्लास, आणि त्याला कोणता प्रोटोटाइप (ऑब्जेक्ट ज्याच्या मेथड वापरतो तो) द्यायचा हे कळतं न्यू.टार्गेटवरून, म्हणजे न्यू कुणाला लावलं होतं त्यावरून. साध्या कॉलमध्ये न्यू.टार्गेट अनडिफाइन्ड, मग ऑब्जेक्ट घडवायचा कुणाचा? ईएस5 मध्ये, म्हणजे आधीच्या आवृत्तीच्या कोडमध्ये, ट्रान्सपाइल (रूपांतर) केलेला चाइल्ड क्लास अस्सल पॅरेंट क्लासवर पॅरेंट.कॉल(धिस) करायला गेला की आपटतो, तो यामुळेच. तिथे न्यू.टार्गेट सोबत देऊन ऑब्जेक्ट घडवणारं रिफ्लेक्ट.कन्स्ट्रक्ट लागतं.

क्लासला न्यूशिवायच्या कॉलसाठी वेगळं वागणं देता यावं असा 'कॉल कन्स्ट्रक्टर' नावाचा प्रस्ताव जावास्क्रिप्टचे नियम ठरवणाऱ्या टीसी39 समितीपुढे आला होता, तो नंतर मागे घेतला गेला. मला त्याची हळहळ नाही. न्यू टाइप करायचा इतकाच कंटाळा असेल, तर आत न्यू करून परत देणारं एका ओळीचं फंक्शन लिहावं.

सहकाऱ्याने मात्र क्लासभोवती प्रॉक्सी (मध्ये बसणारा ऑब्जेक्ट) गुंडाळून अप्लाय ट्रॅप (कॉल मध्येच अडवणारं फंक्शन) लावला आणि न्यूशिवाय चालवून दाखवलं. चालणारच. क्लासकडे कॉल ही अंतर्गत मेथड असतेच, फक्त एरर फेकणं एवढंच तिचं काम. रिव्ह्यूमध्ये मी तो प्रॉक्सी काढायला लावला.